चौथा पेग कोणासाठी? दारूची मजा आणि तब्येत यांचा घरी मांडायचा हिशेब

नाशिकला माझं औषधांचं दुकान आहे. बावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे, आणि आवाज खाली आणून विचारला जाणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "गोळ्या चालू आहेत, पण आज एखादा पेग चालेल का?" विचारणारा उत्तर ठरवूनच आलेला असतो. त्याला फक्त आपल्या तोंडून 'चालतंय की' ऐकायचं असतं. मी 'नाही' म्हणायचो, आणि शनिवारी शटर ओढलं की स्वतः मित्रांबरोबर बसायचो.

त्यामुळे दारू कशी वाईट, हे सांगायचा अधिकार मला नाही. 'थोडी घेतली तर औषधच' असं सांगायचीही इच्छा नाही, कारण ते खरं नाही. हा लेख आहे तो ज्याला दारू आवडते, सोडायची असं काही ठरवलेलं नाही, पण आपण नेमकं काय मोजतो आणि बदल्यात काय मिळतं हे एकदा स्वच्छ बघायचं आहे, अशा माणसासाठी. सामान फार लागत नाही. एक वही, सुई काढलेली २० मिलीची सिरिंज आणि महिना-दीड महिना.

पायरी पहिली : आपण या हिशेबात बसतो का?

काही लोकांनी वही उघडूच नये. त्यांचं उत्तर आधीच शून्य आहे. गरोदर स्त्री, किंवा दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करणारी. हिपॅटायटिस बी किंवा सी असलेला, लिव्हर सिरोसिस झालेला, स्वादुपिंडाला एकदा सूज येऊन गेलेला. आणि ज्याने व्यसन लागल्यावर कष्टाने दारू सोडली आहे तो. त्याला 'आता फक्त एक' हा पर्याय उरलेला नसतो, हे त्याला स्वतःला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

दुसरा गट गोळ्यावाल्यांचा, म्हणजे माझ्या काउंटरचा. जुलाबाला किंवा दाताच्या पूवाला मेट्रोनिडाझोल दिलं असेल तर वेष्टनावरच इशारा असतो : उलट्या, धडधड, चेहरा लालबुंद होणं. कोर्स संपल्यावरही तीन दिवस थांबा. झोपेच्या गोळ्या, चिंतेवरचं अल्प्राझोलाम, दुखण्यावरचं ट्रामाडोल, यांच्याबरोबर दारू म्हणजे श्वास मंदावणाऱ्या दोन गोष्टी एकत्र. इथे थट्टा नको. टीबीच्या आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या गोळ्या आधीच लिव्हरवर भार टाकतात, सांधेदुखीचं मेथोट्रेक्सेटही तसंच. मधुमेहाला इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर रिकाम्या पोटी घेतलेली दारू साखर धाडकन खाली आणू शकते. त्यात भीती अशी की साखर उतरलेला माणूस आणि दारू चढलेला माणूस लांबून अगदी सारखे दिसतात. लडखडणं, असंबद्ध बोलणं, घाम. बाजूचे म्हणतात 'झोपू दे त्याला', आणि त्याला त्या क्षणी साखर हवी असते.

आणि एक मोठी खूण : सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील आणि एक घोट घेतल्यावर थांबत असतील, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. खाली शेवटच्या पायरीत तुमच्यासाठी जे लिहिलं आहे ते आधी वाचा.

पायरी दुसरी : पेग नव्हे, ग्रॅम मोजा

'मी दोनच घेतो' या वाक्याला काही अर्थ नाही. दोन काय? शरीराला व्हिस्की, बिअर, वाईन, फेणी असं काही कळत नाही. त्याला कळतं ते इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, आणि ते ग्रॅममध्ये मोजतात. सूत्र सोपं आहे : मिली गुणिले टक्केवारी, भागिले शंभर, आणि आलेल्या उत्तराला ०.७९ ने गुणायचं. एक मिली शुद्ध अल्कोहोलचं वजन साधारण तेवढं भरतं.

आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के छापलेलं असतं. म्हणजे ३० मिलीचा स्मॉल पेग १० ग्रॅम, ६० चा लार्ज २० ग्रॅम. नाइन्टी ३० ग्रॅम. क्वार्टर, म्हणजे १८० मिली, ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीतलं 'जड पिणं' कुठून मोजते? ६० ग्रॅमपासून. आपल्याकडे 'एक क्वार्टर म्हणजे काय फार नाही' असं म्हणतात, आणि बरोबर त्याच आकड्यावर डॉक्टर लोक लाल रेघ मारतात.

बिअरची गंमत वेगळी. ६५० मिलीची माइल्ड बाटली, ५ टक्के धरली, तर २५-२६ ग्रॅम. तीच बाटली स्ट्राँग, ८ टक्क्यांची असेल तर ४१ ग्रॅम. म्हणजे दोन लार्ज. 'मी दारू घेत नाही, फक्त बिअर' म्हणणाऱ्या कॉलेजच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात, पण गणित हसत नाही. ३३० मिलीचा माइल्ड पिंट १३ ग्रॅम. आमच्या नाशिकच्या द्राक्षांची वाईन १३ टक्के धरली तर १५० मिलीच्या ग्लासात १५ ग्रॅम, आणि अख्ख्या बाटलीत ७७. दोघांनी जेवताना बाटली संपवली तर प्रत्येकी जवळजवळ दोन लार्ज झाले. वाईनचा ग्लास हातात असला की माणसाला आपण पितो आहोत असं वाटतच नाही.

आता सिरिंज. घरी बार नसतो, पेगमेजर नसतो, असतो तो काचेचा ग्लास आणि 'दोन बोटं'. एका संध्याकाळी तुमच्या नेहमीच्या ग्लासात, नेहमीच्या अंदाजाने पाणी ओता आणि ते सिरिंजने ओढून मोजा. माझी दोन बोटं ७५ मिली निघाली. शनिवारचे माझे 'चार' म्हणजे ३०० मिली, म्हणजे १०० ग्रॅमच्या वर. तोवर मी स्वतःला बेताने घेणारा समजत होतो. ज्याच्या घरी आम्ही बसायचो त्या मित्राची दोन बोटं मी मोजली नाहीत. त्याचे हात मोठे आहेत.

पायरी तिसरी : तीन प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची एक चाचणी जगभर वापरतात. तिचं नाव 'ऑडिट'. त्यातले पहिले तीन प्रश्न सुटे घेतले तरी चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. खाली 'ड्रिंक' म्हणजे १० ग्रॅम, आपला स्मॉल पेग.

किती वेळा घेता? कधीच नाही ०, महिन्यातून एकदा किंवा कमी १, महिन्यातून दोन ते चारदा २, आठवड्यातून दोन-तीनदा ३, चार वा जास्त वेळा ४.

ज्या दिवशी घेता त्या दिवशी किती? एक-दोन ०, तीन-चार १, पाच-सहा २, सात ते नऊ ३, दहा वा जास्त ४.

एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक कितीदा होतात? कधीच नाही ०, महिन्यातून एकदाही नाही पण कधीतरी होतात १, दर महिन्याला २, दर आठवड्याला ३, जवळजवळ रोज ४.

बेरीज करा. पुरुषांमध्ये ४ आणि स्त्रियांमध्ये ३ आले की जरा नीट बघायला हवं असं मानतात. आता 'मी फक्त शनिवारी घेतो, तेही एक क्वार्टर' हा आपला सभ्य माणूस घ्या. दोन, दोन आणि तीन. सात! त्याला व्यसन आहे असा याचा अर्थ नाही. अर्थ इतकाच की 'फक्त शनिवारी' या शब्दांत जितकं सौम्य वाटतं तितकं ते सौम्य नाही.

पायरी चौथी : खर्चाचं पान

लिव्हरबद्दल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटतं, म्हणजे जेमतेम एक स्मॉल पेग. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. लिव्हरवरची सुरुवातीची चरबी दारू थांबवल्यावर काही आठवड्यांत उतरू लागते, हे चांगलं. सिरोसिसचे व्रण बहुतेक जात नाहीत, हे वाईट. आणि या दोहोंच्या मधल्या काळात माणसाला काहीही दुखत नाही, हे सगळ्यात वाईट.

कॅन्सरचा मुद्दा मात्र लोकांना खरोखर माहीत नसतो. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच दारूला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे तंबाखूच्या रांगेत. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन. कारण असं : इथेनॉलचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. स्कॉच असो की देशी संत्रा, रसायन तेच. ज्याच्या खिशात तंबाखूची पुडी आहे त्याच्यासाठी तर हे दोन धोके नुसते एकमेकांत मिळवायचे नाहीत, गुणायचे. महाराष्ट्रात असे खिसे किती आहेत ते मी रोज बघतो.

पण किती धोका? इथे घाबरवणारेही चुकतात आणि हसण्यावारी नेणारेही. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य-सल्लागार डॉक्टरने, जानेवारी २०२५ मध्ये काढलेल्या पत्रकात, ऑस्ट्रेलियातल्या माहितीवर आधारित, एक हिशेब होता. त्यातलं ड्रिंक मात्र अमेरिकेचं, १४ ग्रॅमचं. आठवड्याला एका ड्रिंकपेक्षा कमी घेणाऱ्या १०० स्त्रियांपैकी साधारण १७ जणींना आयुष्यात दारूशी संबंध असलेला एखादा कॅन्सर होतो. रोज एक घेणाऱ्यांत १९, रोज दोन घेणाऱ्यांत २२. पुरुषांमध्ये हेच आकडे १०, ११ आणि १३. आपल्याकडचा मूळ आकडा वेगळा असेल, कल मात्र हाच. रोज दोन घेणाऱ्या शंभर बायकांमधल्या पाच जास्तीच्या. हा आकडा मोठा की छोटा? मला विचाराल तर ज्याच्या घरात ती पाचांपैकी एक असेल त्याने ठरवावं. पण 'एक घोट आणि मेलास' असंही तो म्हणत नाही.

'हृदयाला चांगली' ही समजूत कुठून आली तेही सांगतो, कारण काउंटरवर ती रोज ऐकू येते. जुन्या पाहण्यांत थोडी घेणारे लोक अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगताना दिसायचे. मग कोणी तरी न घेणाऱ्यांची यादी नीट चाळली. त्यात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही 'न पिणारे' म्हणून बसवलेले होते! माझ्याच दुकानात बघा : लिव्हरच्या गोळ्या नेणारे अर्धे लोक आज थेंब घेत नाहीत. त्यांना निरोगी माळकऱ्याच्या रांगेत बसवलं तर ती रांग आजारी दिसणारच. शिवाय बेताने वाईन घेणारा माणूस बहुधा पैसेवाला, चालायला जाणारा, तपासण्या करणारा असतो. हे सगळं वजा केलं की फायद्याचा बराचसा भाग विरघळतो. तेव्हा दारू घ्या तर मजेसाठी घ्या. औषध म्हणून नको, औषधं माझ्याकडे आहेत.

उरलेला खर्च रोजचा आहे. रक्तदाब वाढतो, आणि ज्याची बीपीची गोळी दर वर्षी वाढत जाते त्याने एकदा शनिवारकडे बघावं. एका रात्री जास्त झाली की हृदयाचे ठोके अनियमित होणं हे डॉक्टरांना १९७० च्या दशकापासून ठाऊक आहे. सुट्टीनंतर असे रोगी येत म्हणून त्याला 'हॉलिडे हार्ट' असं नाव पडलं. एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी, म्हणजे क्वार्टरमध्ये ४२० च्या पुढे, शेंगदाणा मसाला आणि चिकन चिली वेगळी. झोप तर हमखास. दारूने डोळा लवकर लागतो म्हणून लोकांना ती झोपेचं औषध वाटते, पण रात्रीचा दुसरा अर्धा भाग तुटका जातो. पहाटे साडेतीनला तोंड कोरडं पडून जाग येते ना, ती हीच.

आता वेगवेगळ्या देशांनी घातलेल्या मर्यादा आपल्या पेगमध्ये बघू. ब्रिटन म्हणतं आठवड्याला ११२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साडेपाच लार्ज. ऑस्ट्रेलिया १०० ग्रॅम, पाच लार्ज, आणि कुठल्याही एका दिवशी दोनपेक्षा जास्त नाही. कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये सुचवलं २७ ग्रॅम, म्हणजे सव्वा लार्ज, आठवड्याला! त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की सुरक्षित अशी पातळीच नाही. लोक म्हणतात, बघा, यांचं यांनाच माहीत नाही. तसं नाही. कॅनडाने हजारात एकाचा अकाली मृत्यू इतका धोका 'कमी' धरला; ऑस्ट्रेलियाने शंभरात एकाचा चालवून घेतला. कॅनडाच्याच तक्त्यात शंभरात एकाची रेघ आठवड्याला चार लार्जच्या आसपास येते. फरक शास्त्रात थोडा आहे, आणि किती धोका चालेल या प्रश्नात बराच. तो प्रश्न कुठलाही देश तुमच्या वतीने सोडवू शकत नाही. मोटारसायकल चालवताना, हिमालयात जाताना आपण तो सोडवतोच.

स्त्रियांसाठी एक दुरुस्ती. त्याच वजनाच्या स्त्रीच्या शरीरात पाणी कमी असतं, त्यामुळे तेवढाच पेग रक्तात जास्त चढतो. नवऱ्याच्या बरोबरीने ग्लास भरणं हा समानतेचा मुद्दा असेल, पण लिव्हरला तो समजावता येत नाही.

पायरी पाचवी : जमेचं पान, आणि हेच अवघड

तब्येतीवर लिहिणारे मजेला एका ओळीत उरकतात, जणू ती मोजण्यासारखी गोष्टच नाही. मग वाचणारा मनात म्हणतो, यांना काय कळणार, आणि पान उलटतो. मजा खरी आहे. दिवसभराचं ओझं उतरणं, जिवलग मित्रांशी एरवी न निघणारा विषय निघणं, पावसाळ्यात इगतपुरीच्या घाटात धुकं बघत रमचा पहिला घोट. हे जमेच्या बाजूला लिहायलाच हवं, फक्त लबाडी न करता.

त्यासाठी वही. दोन-तीन आठवडे, नेहमीसारखंच घ्या, काही कमी करू नका. प्रत्येक ग्लासाला एक ओळ : कितवा, किती मिली, किती वाजता, कोणाबरोबर आणि आनंद दहापैकी किती. नियम एकच, आणि तो महत्त्वाचा : पुढचा ग्लास भरण्याआधी मागच्याचे गुण लिहायचे. सकाळी उठल्यावर त्या सकाळलाही दहापैकी गुण द्यायचे.

माझ्या वहीतला पहिला शनिवार असा : पहिला ८. दुसरा ८. तिसरा ५. चौथ्यापुढे आकडा नाही, 'ठीक' असा शब्द आहे, आणि तो माझ्याच अक्षरात असूनही मला दुसऱ्या दिवशी लागला नाही. रविवार सकाळ : ३. दुसरा शनिवार जवळपास तसाच. मधल्या एका बुधवारी घरी एकट्याने बातम्या बघत घेतलेला लार्ज : ४. त्या बुधवारचं मला फार वाईट वाटलं. चार गुणांसाठी वीस ग्रॅम!

आणि एप्रिलमधली एक नोंद आहे सावंतवाडीची, सासरी. गोव्याहून मेव्हण्याने हुर्राक आणला होता. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची ही दारू फेणीपेक्षा पुष्कळ हलकी, साधारण १५ टक्क्यांच्या आसपास, आणि उन्हाळ्यातच मिळते. लिंबू-सोडा, उभी चिरलेली हिरवी मिरची, मीठ. दोन ग्लास, अंगणात, संध्याकाळी सहा ते आठ, मग जेवण. दोन्हींना ९. सकाळला ८. अल्कोहोल मोजलं तर सगळं मिळून तीसेक ग्रॅम, म्हणजे एक नाइन्टी.

ही वही दहा-बारा जणांनी ठेवली तर आकडे वेगळे येतील, उताराची दिशा बहुधा तीच राहील. त्याला कारण आहे. रक्तात अल्कोहोल चढत असताना तरतरी वाटते, बोलावंसं वाटतं. उतरू लागलं की सुस्ती आणि जडपणा. तिसरा-चौथा पेग आपण ती चढतानाची मजा परत आणायला घेतो, पण तोवर शरीर सुस्तीच्या बाजूला कललेलं असतं. म्हणजे मजा बहुतेक पहिल्या दोन ग्लासांत येते आणि बिल शेवटच्या दोन ग्लासांचं. चौथा पेग कोणासाठी घेतो आपण? माझं उत्तर वहीत सापडलं : तो यजमानाचा आग्रह मोडू नये म्हणून असतो. 'अरे काय लेका, एवढ्यात?' या वाक्यासाठी.

वहीत अजून एक स्तंभ टाकून बघा : आनंद दारूचा की बैठकीचा? एका शनिवारी त्याच मंडळींत, त्याच जागी सोलकढी किंवा नुसता लिंबू-सोडा घेऊन बसा. माझे गुण ६ आले. म्हणजे आठातले सहा गुण मित्रांचे होते आणि व्हिस्कीचे दोन. ते दोन मला हवे आहेत, नाही असं नाही. पण त्यांची किंमत आता मला कळते.

पायरी सहावी : स्वतःशी करार

दोन्ही पानं समोर ठेवा आणि ज्या ग्लासाला ६ च्या खाली गुण आहेत ते ग्लास काढून टाका. बस. नियम इतरांकडून घेऊ नका, वहीतून घ्या. माझ्यापुरते निघाले ते असे : एकट्याने नाही. दोन लार्ज, सिरिंजने मापलेले, आठवड्यातून एकदा. म्हणजे ४० ग्रॅम. ब्रिटनच्या मर्यादेच्या बरंच खाली, कॅनडाच्या सव्वा लार्जच्या वर. हा धोका मी जाणूनबुजून घेतला आहे.

करार टिकवायची खरी जागा म्हणजे वाईन शॉपचं काउंटर. एकदा खंबा, म्हणजे अख्खी बाटली, घरात आला की 'आता उरलाय तर' सुरू होतं. दोघांत क्वार्टर, किंवा एकट्याची नाइन्टी, एवढंच आणा. महाग पडते, मान्य. ती महागाईच आपली राखण करते. बिअरवाल्यांनी स्ट्राँगची माइल्ड करावी आणि ६५० चा पिंट, बाकी काही न बदलता ४१ चे १३ ग्रॅम होतात. एवढा स्वस्त उपाय माझ्या दुकानात नाही.

जेवणाचा क्रम उलटा करा. आपल्याकडे आठला बसतात, चकण्यावर साडेअकरापर्यंत रेटतात आणि मग गार झालेल्या मटणावर अर्धमेले हात मारतात. साडेसातला भाकरी-पिठलं खाऊन बसलं तर दारू सावकाश चढते, दोन ग्लास दोन तास पुरतात. शेवटचा घोट आणि झोप यांच्यात तीन तास ठेवले तर पहाटेचे साडेतीन बघावे लागत नाहीत.

आग्रहाला उत्तर आधी पाठ करून ठेवा. 'डॉक्टरने सांगितलंय' चालतं, पण दर वेळी कोण डॉक्टर म्हणून चौकशी होते. हातात भरलेला सोड्याचा ग्लास असला की कोणी विचारतच नाही.

गाडीचं वेगळं लिहितो, कारण इथे मजेशी तुलना करायचीच नाही. आपल्या कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ७० किलोच्या पुरुषाने एक लार्ज भरभर, रिकाम्या पोटी घेतला तर कागदावर आकडा ४० च्या आसपास येतो. एका पेगमध्ये मर्यादा ओलांडली. क्वार्टरनंतर तो १२० च्या पुढे जातो आणि तासाला १५ च्या गतीने उतरतो. नऊला बसून क्वार्टर घेणाऱ्याच्या रक्तात पहाटे पाचलाही थोडी शिल्लक असते. सकाळी सहाला शिर्डीला निघायचं ठरवून रात्री बसणाऱ्यांनी एवढं बघावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बसायला जाताना किल्ली घरीच ठेवा.

आणि हातभट्टी कुठल्याच करारात बसत नाही. तिच्यात मिथेनॉल असलं तर चवीवरून कळत नाही, शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि डोळे जातात, जीव जातो. मालवणीत, मुंबईत, जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं अशीच गेली.

पायरी सातवी : श्रावणाची परीक्षा

परदेशात लोक जानेवारीभर दारू बंद ठेवतात आणि त्याचा गाजावाजा करतात. आपल्याकडे श्रावण केव्हापासून आहे. देवासाठी पाळा किंवा लिव्हरसाठी, महिनाभराची विश्रांती ही या हिशेबाची तपासणी आहे. अट एक : आदल्या अमावस्येला गटारीच्या नावाखाली महिन्याचा कोटा भरून काढायचा नाही, आणि गणपती गेल्यावर वसुलीही नाही. नाहीतर महिनाभराच्या आधी आणि नंतर दोन डोंगर, मधे दरी, आणि वार्षिक बेरीज तेवढीच.

सुरुवातीला आणि शेवटी तीन गोष्टी लिहा : वजन, सकाळचा रक्तदाब, झोप किती सलग. फॅटी लिव्हर निघालं असेल तर डॉक्टरांना विचारून एसजीपीटी, गॅमा जीटी या लिव्हरच्या रक्ततपासण्या आधी आणि नंतर. पण या आकड्यांपेक्षा चौथी गोष्ट महत्त्वाची : पहिल्या दोन शनिवारी संध्याकाळी सात वाजता काय झालं? थोडी चुटपुट लागली, मग विसरलात, तर हिशेब तुमच्या हातात आहे. चिडचिड झाली, बायकोवर ओरडलात, 'फक्त बिअर, ती काय दारू नाही' असं म्हणून दहाव्या दिवशी श्रावण मोडला, तर सहाव्या पायरीतले करार तुमच्याच्याने टिकणार नाहीत. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मदत घ्यायची वेळ झाली आहे.

आता ज्यांना मी सुरुवातीला बाजूला बसवलं त्यांच्यासाठी. रोज भरपूर घेणाऱ्याने श्रावणाचा मुहूर्त धरून एकदम बंद करणं धोक्याचं आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत थरथर, घाम, फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, माणसं न ओळखणं, अंगावर किडे फिरल्यासारखं वाटणं. ही जिवावरची अवस्था असते आणि लोक तिला 'बाहेरचं काही लागलं' समजून दोन दिवस घालवतात. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६, दोन्ही फुकट. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठीतून चालणाऱ्या सभा अनेक शहरांत भरतात, तिथे पैसे लागत नाहीत आणि आडनाव विचारत नाहीत.

माझा गेल्या श्रावणाचा निकाल : वजन दोन किलो कमी, वरचा रक्तदाब आठाने खाली, झोप सलग साडेसहा तास. दुसऱ्या शनिवारी सातला चुटपुट लागली होती, साडेआठपर्यंत टिकली. भाद्रपदात मोठ्या हाताच्या मित्राकडे परत बसलो तेव्हा सिरिंज खिशात होती. त्याने ती बघितली, हसला आणि म्हणाला, "आण इकडे, माझी दोन बोटं मोज." ११० मिली भरली.